यूक्लिडचा पाठ कोणाचा? : हायबर्गच्या आवृत्तीचें एक परीक्षण

यूक्लिडचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा शिकलेला मनुष्य मिळणें कठीण; आणि यूक्लिडनें स्वतः कोणतीं वाक्यें लिहिलीं हें निश्चयानें सांगूं शकेल असा पंडित मिळणें त्याहूनही कठीण. इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें अलेक्झांड्रिया येथें रचिलेला 'मूलतत्त्वें' हा तेरा पुस्तकांचा ग्रंथ पाश्चात्य गणिताच्या इतिहासांत सर्वांत वजनदार होय, याविषयीं वाद नाहीं. परंतु या ग्रंथाचीं आज उपलब्ध असलेलीं जुन्यांत जुनीं समग्र ग्रीक हस्तलिखितें इसवी सनाच्या नवव्या शतकांतील आहेत. ग्रंथकार आणि पोथी यांच्यामध्यें अकराशें वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्या काळांत हा ग्रंथ पाठशाळांतून शिकविला गेला. आणि जो ग्रंथ शिकविला जातो तो दुरुस्त केला जातो, हें आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. शिष्यास अडचण पडली कीं गुरु एक ओळ वाढवितो. ती ओळ समासांत जाते. पुढचा लेखनिक ती समासांतून उचलून मूळांत घालतो. आणि शंभर वर्षांनीं ती ओळ ग्रंथकाराच्या नांवावर चढते.

प्रस्तुत लेखाचा विषय यूक्लिडचें गणित नसून यूक्लिडचा पाठ हा आहे. आज जगांत यूक्लिडचीं जीं प्रमाणभूत भाषांतरें वाचलीं जातात त्यांचा पाया योहान लुडविग हायबर्ग (१८५४–१९२८) या डॅनिश पंडितानें १८८३ ते १८८८ या काळांत प्रसिद्ध केलेली ग्रीक आवृत्ति हा होय. सर टॉमस हीथ यांचें १९०८ सालचें तीन खंडांचें इंग्रजी भाषांतर या पाठावरूनच झालें. म्हणजे हायबर्गनें जें मूळांत ठेविलें तें यूक्लिडचें आणि जें परिशिष्टांत टाकिलें तें परक्याचें, अशी विभागणी आज सव्वाशें वर्षांवर चालू आहे. ती विभागणी कोणत्या पुराव्यावर झाली आणि तो पुरावा पुरेसा होता काय, हें तपासून पाहाण्याचें आम्हीं योजिलें आहे. ग्रीक व अरबी पाठ आम्हीं भाषांतरांच्या आधारें पाहिले आहेत, हें प्रारंभींच नमूद करतों. परंतु प्रश्न पाठचिकित्सेचा आहे, आणि पाठचिकित्सेचे नियम भाषेगणिक बदलत नाहींत.

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्याच थेऑन नामक गणितज्ञानें 'मूलतत्त्वां'चें एक संस्करण सिद्ध केलें. ही गोष्ट आपणांस कळते ती त्याच्याच तोंडून. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरील टीकेंत तो सांगतो कीं, समान वर्तुळांतील त्रैज्यखंडें हीं त्यांच्या कोनांच्या प्रमाणांत असतात हें आपण आपल्या संस्करणांत सहाव्या पुस्तकाच्या शेवटीं सिद्ध केलें आहे. टीकाकारानें सहज लिहिलेलें हें एक वाक्य पुढें सर्व शोधाची किल्ली ठरलें. बहुतेक ग्रीक हस्तलिखितांत सहाव्या पुस्तकाच्या शेवटच्या, म्हणजे तेहतिसाव्या प्रमेयास ही पुरवणी जोडलेली आढळते. अर्थात् तीं सर्व हस्तलिखितें थेऑनच्या संस्करणापासून निघालेलीं आहेत. त्यांपैकीं कांहींच्या शीर्षकांतही 'थेऑनच्या संस्करणावरून' अशा अर्थाचे शब्द आहेत.

मुद्रणकला आल्यावर यूरोपांत या शब्दांचा मोठा विपर्यास झाला. व्हेनिस येथें १४८२ सालीं राटडोल्टनें छापिलेली पहिली आवृत्ति ग्रीकावरून नव्हे, तर अरबीवरून आलेल्या परंपरेची, कांपानुसच्या लॅटिन संस्करणाची होती. १५०५ सालीं झांबेर्तीनें ग्रीकावरून लॅटिन भाषांतर छापिलें. त्यानें प्रमेयांचीं विधानें तेवढीं यूक्लिडचीं आणि उपपत्ति थेऑनच्या असें मानिलें. शिवाय ग्रंथकारास त्यानें मेगाराचा यूक्लिड म्हटलें. वास्तविक तो प्लेटोच्या काळचा एक तत्त्वज्ञ असून त्याचा या ग्रंथाशीं कांहीं संबंध नाहीं. मूळ ग्रीक पाठ १५३३ सालीं बाझल येथें ग्रिनेउसनें प्रथम छापिला, आणि तो थेऑनच्या कुलांतीलच होता. १५७२ सालीं कोम्मांदिनोनें मेगाराचा घोटाळा दूर केला. तरी थेऑनचा प्रश्न तसाच राहिला.

पुढें १७५६ सालीं ग्लासगोच्या रॉबर्ट सिम्सननें आपली सुप्रसिद्ध आवृत्ति काढिली. त्याचा सिद्धान्त सुटसुटीत होता: यूक्लिड चुकणें शक्य नाहीं; म्हणून ग्रंथांत जेथें जेथें दोष दिसतो तेथें तेथें तो थेऑननें किंवा दुसऱ्या कोणी तरी घातलेला असला पाहिजे. या सिद्धान्तास हस्तलिखिताचा आधार नव्हता. आधार होता तो सिम्सनच्या भूमितिज्ञानाचा. कांहीं ठिकाणीं त्याचा तर्क पुढें खरा ठरला, हें मान्य केलें पाहिजे. पण केवळ तर्कानें पाठ सुधारणारा पंडित शेवटीं ग्रंथकाराच्या तोंडीं आपलेंच म्हणणें घालतो. ब्रिटिश अमदानींत इंग्रजी शाळांतून जो 'यूक्लिड' घोकला गेला, तो टॉडहंटरच्या १८६२ सालच्या पुस्तकाच्या द्वारें आलेला हा सिम्सनचाच यूक्लिड होय. आपल्या आजोबा-पणजोबांनीं ज्याला यूक्लिड म्हणून नमस्कार केला, त्यांत सिम्सनचा वांटा किती हें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं.

आतां मुख्य शोधाकडे वळूं. नेपोलियनच्या इटलींतील स्वारीनंतर तेथील निवडक हस्तलिखितें पॅरिसला नेण्यांत आलीं. त्यांत रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयांतील ग्रीक हस्तलिखित क्रमांक १९० हें एक होतें. १८०८ सालीं फ्रांस्वा पेरार तें तपासूं लागला, आणि सहाव्या पुस्तकाच्या शेवटीं थेऑनची ती पुरवणी मूळ पाठांत नाहीं असें त्यास दिसून आलें. म्हणजे थेऑनच्या हाताखालून न गेलेला पाठ प्रथमच दृष्टीस पडला. हें हस्तलिखित रोमला अज्ञात नव्हतें. तें तेथें फडताळांत होतें, यादींतही होतें. पण त्यांत काय नाहीं हें पाहाण्याची बुद्धि कोणास झाली नव्हती. संग्राहकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. पोथींत काय आहे याची नोंद आपण करतों. काय नाहीं याची नोंद करीत नाहीं.

पेरारनें १८१४ ते १८१८ या काळांत ग्रीक, लॅटिन व फ्रेंच अशी त्रिभाषी आवृत्ति काढिली. परंतु एवढें रत्न हातीं असतां त्यानें पाठ मुख्यतः बाझलच्या छापील प्रतीचाच ठेवून जागोजाग दुरुस्ती केली. खरें काम हायबर्गनें केलें. त्यानें व्हॅटिकनची प्रत एका बाजूस आणि थेऑनच्या कुलांतील चांगल्या प्रती दुसऱ्या बाजूस अशी मांडणी केली. या दुसऱ्या वर्गांत ऑक्सफर्ड येथील एक प्रत विशेष आदरणीय आहे. तिच्या पुष्पिकेवरून ती ८८८ सालीं स्तेफानोस नामक लेखनिकानें लिहिली आणि पात्रासच्या आरेथासनें ती चौदा सुवर्णनाण्यांस घेतली असें समजतें. लेखनिक, वर्ष, धनी आणि मोल हीं चारही ज्या पोथींत सांपडतात ती पोथी संग्राहकाच्या दृष्टीनें धन्य होय. हायबर्गचा नियम असा: जेथें व्हॅटिकनची प्रत आणि थेऑनचें कुल यांत एकवाक्यता आहे, तेथें थेऑनपूर्वीचा पाठ मिळाला, जेथें भेद आहे, तेथें सामान्यतः व्हॅटिकनच्या प्रतीस मान द्यावा.

हायबर्गची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. आर्किमिडीजचा हरवलेला 'पद्धति' नांवाचा ग्रंथ १९०६ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें एका प्रार्थनापुस्तकाच्या खरवडलेल्या पानांतून वाचून काढणारा पुरुष हाच. त्याच्या आवृत्तींत पाठभेद प्रामाणिकपणें दिले आहेत, टाकलेले उतारे परिशिष्टांत छापिले आहेत, आणि जुनीं टिप्पणें स्वतंत्र खंडांत एकत्र केलीं आहेत. त्याच्यावर आज जी टीका करतां येते तिचें साहित्य त्यानेंच पुरविलें आहे. संपादकाची याहून मोठी स्तुति नाहीं. तथापि तीन ठिकाणीं त्याचा निर्णय आम्हांस सदोष वाटतो.

पहिला दोष: एका अभावापासून त्यानें फार मोठा निष्कर्ष काढिला. व्हॅटिकनच्या प्रतींत थेऑनची पुरवणी नाहीं, यावरून ती प्रत थेऑनच्या कुलांतील नाहीं एवढें सिद्ध होतें. ती शुद्ध आहे हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. यूक्लिड आणि थेऑन यांच्यामध्यें साडेसहाशें वर्षें आहेत. त्या काळांत झालेले प्रक्षेप दोन्ही कुलांत सारखेच उतरणार, आणि एकवाक्यतेच्या नियमानें ते यूक्लिडचे म्हणून मान्य होणार. याचें उदाहरण हायबर्गच्याच आवृत्तींत आहे. पहिल्या पुस्तकांतील चाळिसावें प्रमेय, समान पायांवर एकाच बाजूस असलेले समक्षेत्र त्रिकोण त्याच समांतर रेषांमध्यें असतात हें, सर्व हस्तलिखितांत असल्यामुळें १८८३ सालीं त्यानें मूळांत छापिलें. पुढें १९०० सालीं ईजिप्तच्या फयूम प्रांतांतील पपायरसचे अवशेष प्रसिद्ध झाले. त्यांतील इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील एका तुकड्यांत एकोणचाळिसाव्या प्रमेयानंतर एकदम एकेचाळिसावें येतें. चाळिसावें प्रमेय प्रक्षिप्त आहे, असा निर्णय मग हायबर्गनें स्वतःच दिला. छत्तिसावें पस्तिसाव्यास आणि अडतिसावें सदतिसाव्यास जसें जोडीचें आहे, तसें एकोणचाळिसाव्यासही एक जोडीदार हवें असें कोणा व्यवस्थितपणाच्या भोक्त्यास वाटलें असावें, असें त्याचें अनुमान होतें.

तो तुकडा कोणा विद्यार्थ्यानें निवडून उतरलेल्या प्रमेयांचाही असूं शकेल, अशी शंका घेण्यास जागा आहे, आणि ती आम्ही घेतों. परंतु ती शंका बाजूस ठेविली तरी तत्त्व उरतेंच. सर्व पोथ्या ज्यावर एकमत आहेत असा पाठही ग्रंथकाराचा नसूं शकतो. पोथ्यांची संख्या हा साक्षीदारांचा पुरावा नव्हे. एकाच बापाचे वीस मुलगे एकच साक्ष देतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि त्याविषयींचा वाद आजही मिटलेला नाहीं. 'मूलतत्त्वें' अरबींत दोन मुख्य मार्गांनीं आलीं. अल्-हज्जाज यानें हारून-अल्-रशीदच्या वेळीं एक आणि अल्-मामूनच्या वेळीं दुसरें अशीं दोन भाषांतरें केलीं; पुढें नवव्या शतकांतच इस्हाक इब्न हुनैन यानें नवें भाषांतर केलें व साबित इब्न कुर्रा यानें तें ग्रीक प्रती पाहून सुधारलें. तेराव्या शतकांत नसिरुद्दीन तूसी यानें १२४८ सालीं आपलें संस्करण सिद्ध करतांना या दोहोंचा भेद नोंदवून ठेविला. हज्जाजच्या प्रतींत मागाहून जोडलेल्या दोन पुस्तकांसह पंधरा पुस्तकें मिळून ४६८ प्रमेयें आहेत आणि साबितच्या प्रतींत त्याहून दहा अधिक, असें तो सांगतो. आणि दोन्ही प्रतींचे क्रमांक वेगवेगळ्या शाईनें दाखवितो. आतां हायबर्गच्या ग्रीक पाठांत पहिल्या तेरा पुस्तकांतच ४६५ प्रमेयें आहेत. म्हणजे अरबी पाठ सडपातळ आहे. त्यांत व्याख्या, उपसिद्धान्त आणि पर्यायी उपपत्ति यांचाही भरणा कमी.

मार्टिन क्लामरोथ या जर्मन पंडितानें १८८१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हा सडपातळ पाठच यूक्लिडच्या अधिक जवळचा आहे. ग्रीक पोथ्यांत शतकानुशतकें भर पडत गेली आणि अरबी भाषांतरकारांच्या हातीं त्याहून जुना पाठ होता. हायबर्गनें १८८४ सालीं याचें खंडन केलें. त्याचें म्हणणें असें कीं, अरबांनीं संक्षेप केला. गणित समजलें म्हणजे झालें, शब्द राखण्याची त्यांना पर्वा नव्हती. हीथनें हायबर्गची बाजू घेतली, आणि वाद शंभर वर्षें झांकला गेला. १९९६ सालीं विल्बर नॉर या अमेरिकन इतिहासकारानें एक प्रदीर्घ निबंध लिहून क्लामरोथचा पक्ष पुन्हां उभा केला, आणि आपण सर्वजण यूक्लिडचा चुकीचा पाठ वाचीत आहों असें रोखठोक म्हटलें.

या वादांत आम्हांस निर्णायक वाटणारा पुरावा बोलोन्या येथील अकराव्या शतकांतील एका ग्रीक हस्तलिखिताचा आहे. अकराव्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या प्रमेयापासून बाराव्या पुस्तकाच्या अखेरीस सतराव्यापर्यंत या पोथीचा पाठ इतर सर्व ग्रीक पोथ्यांहून अगदीं निराळा आहे. हायबर्गनें तो परिशिष्टांत टाकिला. परंतु हाच निराळा पाठ अरबी परंपरेशीं आणि तीवरून बाराव्या शतकांत क्रेमोनाच्या जेरार्डनें केलेल्या लॅटिन भाषांतराशीं जुळतो, हें नॉरनें दाखविलें. याचा अर्थ उघड आहे. अरबी पाठ निराळा दिसतो तो अरबांनीं कापला म्हणूनच, असें आतां सरसकट म्हणतां येत नाहीं. निदान या भागापुरता तरी तो निराळा पाठ ग्रीकांतच होता. बोलोन्याच्या लेखनिकानें अरबीवरून ग्रीकांत भाषांतर केलें, असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. दोन दूरच्या प्रांतांतील, एकमेकांस न ओळखणारे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हां न्यायाधीशानें ती ऐकली पाहिजे.

आपल्या वाचकांस हा युक्तिवाद अपरिचित वाटणार नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें चालविलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत, विष्णु सीताराम सुखठणकरांनीं हेंच तत्त्व मांडिलें: परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या वाचनांत जेथें एकवाक्यता आहे तेथें जुना पाठ शोधावा, आणि वाढलेल्या वाचनेपेक्षां काश्मीरच्या शारदा लिपींतील आटोपशीर वाचना अधिक विश्वसनीय. हायबर्गनें आपला हा नियम ग्रीक भाषेच्या वेशीवरच थांबविला. भाषांतर हेंही हस्तलिखितच आहे. त्याचें मूळ हरवलेलें असतें एवढेंच.

मात्र नॉरच्या शब्दांतील धार आम्हांस मान्य नाहीं. 'चुकीचा पाठ' म्हणावयास 'बरोबर पाठ' हातीं असावा लागतो. अरबी परंपरा एकजिनसी नाहीं; हज्जाज व साबित यांच्यांत भेद आहेत, आणि पुढील संस्करणांत ते एकमेकांत मिसळले आहेत. शिवाय आटोपशीरपणा हें जुनेपणाचें लक्षण असलें तरी प्रमाण नव्हे. आळशी लेखनिकही पाठ आटोपशीर करतो. म्हणून पुस्तकागणिक, प्रमेयागणिक निवाडा करणें हाच मार्ग उरतो. बर्नार व्हित्राक याच्या १९९० ते २००१ या काळांत प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या फ्रेंच भाषांतरांत हायबर्गचा पाठ पायाभूत धरूनही अरबी साक्षीचा सतत विचार केलेला आहे. ती पद्धति आम्हांस रास्त वाटते.

तिसरा दोष आकृतींचा. भूमितीच्या ग्रंथांत आकृति हें पाठाचें अंग आहे. पण हायबर्गच्या 'मूलतत्त्वां'तील आकृति बहुतांशीं हस्तलिखितांतून घेतलेल्या नसून एकोणिसाव्या शतकांतील ऑगस्ट याच्या छापील आवृत्तीवरून आल्या आहेत, हें केन साइतो या जपानी अभ्यासकानें दाखवून दिलें. पोथ्यांतील आकृति निराळ्या असतात: विधान कोणत्याही समांतरभुज चौकोनाविषयीं असतां पोथींत आयत किंवा चौरस काढलेला असतो, कोणत्याही त्रिकोणाविषयीं असतां समद्विभुज. अर्वाचीन संपादकास ती चूक वाटते आणि तो ती 'सुधारतो'. परंतु प्राचीनांच्या मतें आकृति ही वस्तूचें चित्र नसून युक्तिवादाची खूण असावी, असा एक महत्त्वाचा विचार त्या 'चुकां'तून सुचतो. सुधारणेनें तो विचारच नाहींसा होतो. एका अक्षराच्या पाठभेदासाठीं चार पोथ्या धुंडाळणाऱ्या संपादकानें आकृतींच्या बाबतींत एकही पोथी उघडूं नये, हें आश्चर्य होय.

कोणी म्हणेल, पाठ कोणताही असो, प्रमेय तर तेंच राहातें; मग ही चिकित्सा कशासाठीं? यास एकच उदाहरण पुरे. समांतर रेषांविषयींचें प्रसिद्ध विधान चांगल्या हस्तलिखितांत पांचवें गृहीतक म्हणून येतें. परंतु जुन्या छापील आवृत्तींत तें स्वयंसिद्ध तत्त्वांच्या यादींत गेलें. सिम्सनच्या प्रतींत तें बारावें स्वयंसिद्ध आहे. दोहोंत फरक आहे. स्वयंसिद्ध म्हणजे जें कोणीही नाकारणार नाहीं तें. गृहीतक म्हणजे 'एवढें आम्हांस द्या' अशी मागणी. यूक्लिडनें मागणी केली होती. छापखान्यांनीं त्याच्या तोंडीं दावा घातला. प्रोक्लसनें पांचव्या शतकांतच हें विधान गृहीतकांतून काढून सिद्ध करावें असें म्हटलें होतें, म्हणून सर्व दोष मुद्रकांवर टाकतां येणार नाहीं. पण १६२१ सालीं हेन्री सॅव्हिलनें या सुंदर देहावरील डाग म्हणून ज्याकडे बोट दाखविलें, आणि जो धुऊन काढण्यासाठीं १७३३ सालीं साक्केरीनें ग्रंथ लिहिला, तो डाग यूक्लिडच्या मूळ मांडणींत तसा नव्हताच. बोल्यॉईनें १८३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या क्रांतिकारक निबंधाच्या शीर्षकांतही 'अकराव्या स्वयंसिद्धा'चाच उल्लेख आहे. हें विधान सिद्ध होण्याजोगें नाहीं, तें मागूनच घ्यावें लागतें, हें लोबाचेव्हस्की व बोल्यॉई यांच्या नंतर जगास पटलें. पोथींतील एका शीर्षकांत तें दोन हजार वर्षें लिहून ठेविलेलें होतें.

आतां आपल्या घरच्या एका ग्रंथाविषयीं चार शब्द. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या (१६८८–१७४३) आश्रयानें सम्राट् जगन्नाथानें 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ रचिला; जगन्नाथ महाराष्ट्रीय ब्राह्मण होता असें सांगतात. हा ग्रंथ म्हणजे तूसीच्या संस्करणावरून उतरलेलीं 'मूलतत्त्वें'च होत. हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनीं हातीं घेतलेलें त्याचें संपादन कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनीं पुरें करून १९०१ व १९०२ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत दोन भागांत प्रसिद्ध केलें. पंधरा अध्याय आणि ४७८ शकलें ही त्याची संख्या आहे; ती तूसीनें सांगितलेल्या साबितच्या प्रतीच्या संख्येशीं बरोबर जुळते. प्रमेयास 'शकल' हा शब्दही अरबीच आहे. संस्कृतांत 'तुकडा' या अर्थाचा तोच शब्द असल्यामुळें परका पाहुणा घरच्या पंक्तींत बेमालूम बसला.

परंतु ग्रंथारंभीं जगन्नाथ काय सांगतो? हें शिल्पशास्त्र ब्रह्मदेवानें विश्वकर्म्यास सांगितलें, परंपरेनें भूतलावर आलें, मध्यें विच्छिन्न झालें, आणि महाराजांच्या आज्ञेनें आपण तें पुन्हां प्रकाशांत आणिलें. यूक्लिडचें नांव नाहीं, तूसीचें नाहीं, साबितचें नाहीं. आम्ही संस्कृतविद्येचे उपासक आहों; म्हणूनच हें स्पष्ट म्हणणें आमच्यावर येतें कीं, ही परंपरा खरी नव्हे, आणि ऋण झांकणें हें पांडित्यास शोभत नाहीं. शास्त्रास दैवी मूळ देण्याची ती काळाची रीत होती, असा बचाव करतां येईल. तो बचाव आम्ही कविता व पुराणें यांच्यासाठीं राखून ठेवितों. झांबेर्तीनें उपपत्ति थेऑनला दिल्या, सिम्सननें दोष थेऑनला दिले, जगन्नाथानें सर्वच विश्वकर्म्यास दिलें. तिघांच्याही हातून ग्रंथकार हरवला. दोन पाश्चात्यांवर टीका करून आपल्या माणसास सोडणें हा न्याय नव्हे.

याउलट, जगन्नाथाचें श्रेयही तेवढेंच निःसंकोच दिलें पाहिजे. ज्या अरबी परंपरेस हायबर्गनें दाराबाहेर ठेविलें, तिची एक शाखा त्यानें संस्कृतांत आणून जतन केली. तूसीनें दोन रंगांच्या शाईनें जो भेद दाखविला होता, तो एकाच शाईनें उतरणाऱ्या प्रतींतून पुसला जातो. म्हणून 'रेखागणिता'ची हस्तलिखितें तपासतांना क्रमांकांची शाई, समासांतील खुणा आणि आकृति यांची बारकाईनें नोंद व्हावयास पाहिजे. हें काम ग्रीक न जाणणारा संस्कृतज्ञही करूं शकतो. त्यासाठीं रोमला जावें लागत नाहीं.

आमच्या संग्राहक मित्रांस शेवटीं एवढेंच विनवावयाचें आहे. जुनी पोथी ती चांगली आणि नवी ती टाकाऊ, ही समजूत सोडावी. बोलोन्याची पोथी ऑक्सफर्डच्या पोथीहून दोन शतकें नवी असूनही तिच्यांत जुना पाठ असण्याचा संभव आहे. अपुरीं पानें रद्दींत देऊं नयेत; फयूमच्या एका तुकड्यानें सर्व समग्र पोथ्यांविरुद्ध साक्ष दिली. बांधणी करतांना समास कापूं नयेत. थेऑनसारख्याची भर आत कशी शिरली हें समासावांचून कळत नाहीं. पुष्पिका, किंमत आणि धन्याचें नांव उतरून ठेवावें. आणि ज्या पोथीचें मोल आपणांस कळत नाहीं ती कुलूपबंद करण्यापेक्षां अभ्यासकांपुढें ठेवावी. व्हॅटिकनची ती प्रत शतकानुशतकें सुरक्षित होती, पण ती बोलूं लागली ती कोणी उघडून वाचली तेव्हां.

यूक्लिडचा अंतिम पाठ ठरला असें कोणी समजूं नये. हायबर्गची आवृत्ति हा मुक्काम आहे, गांव नव्हे. आणि पुढची वाट दाखविणारी पोथी कोणत्या रुमालांत बांधून पडली असेल हें आज कोणीच सांगूं शकत नाहीं. विद्वानांनीं वरील विधानें पारखून घ्यावीं आणि जेथें चूक दिसेल तेथें ती सप्रमाण दाखवावी, म्हणजे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.